मावळा, कूळ आणि सेनापती : पांडुरंग महादेव बापट यांच्या जीवनातील मुळशी-पर्व

स्वातंत्र्यपूर्व काळातील राजकीय पुरुषांची जी चरित्रे मराठीत लिहिली गेली, त्यांची एक ठरावीक घडण आहे. बालपणीची तेजस्विता, तारुण्यातील प्रतिज्ञा, परदेशगमन, कारावास, त्याग आणि अखेरीस लोकादर अशा पायऱ्यांनी चरित्रनायक वर चढत जातो. त्याच्या भोवतीची माणसे त्या चढणीची साक्षीदार असतात. त्यांना स्वतःचे चरित्र नसते. सेनापती बापटांचे जीवन या घडणीत फारच सहज बसते आणि बहुधा त्यामुळेच मुळशीचा सत्याग्रह हे त्यांच्या चरित्रातील केवळ एक प्रकरण होऊन राहते. ज्या प्रकरणाने त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिले, एवढेच त्याचे महत्त्व शिल्लक उरते. प्रस्तुत लेखात मुळशीला मध्यभागी ठेवून हे जीवन वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

या वाचनाला एक स्थानिक कारण आहे. धाड हे बुलढाणा तालुक्यातील जुन्या वऱ्हाडच्या सीमेवरचे गाव. पलीकडे भोकरदन तालुका, म्हणजे एकेकाळचे निजामाचे राज्य. आमचा जिल्हा बोलण्यात घाटावरचा आणि घाटाखालचा असा विभागलेला असतो. घाटाखाली पूर्णा नदीवर नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्प आला आणि अनेक गावांच्या स्थलांतराचा विषय सोयरीकसंबंधांच्या वाटेने घाटावरही पोहोचला. चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना बापटांचा उल्लेख झाला, की धाडच्या वर्गात नायकाच्या शौर्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. विचारले जाते ते हे, की मुळशीच्या जमिनीचे पैसे कोणाला मिळाले. हा प्रश्न मला उपलब्ध चरित्रांपेक्षा अधिक मर्मग्राही वाटतो.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, परिस्थिती बेताची. शालेय शिक्षणात त्यांनी संस्कृतातील प्रावीण्याबद्दल शिष्यवृत्ती मिळवली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झाले. याच काळात देशकार्याला वाहून घेण्याची शपथ त्यांनी घेतली. मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४मध्ये एडिंबरोला अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. तेथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उघडपणे बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या ‘इंडिया हाऊस’शी त्यांचा संबंध आला आणि तेथून ते पॅरिसला जाऊन एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या शिकले. या शिक्षणात त्यांच्या समवेत बंगालचे हेमचंद्र दास कानुनगो होते. १९०८मध्ये बापट भारतात परतले आणि अलीपूर बॉम्ब खटल्याच्या धरपकडीत त्यांचे नाव निघाल्यामुळे चार वर्षे अज्ञातवासात राहिले. १९१२मध्ये अटक, १९१५मध्ये सुटका.

हा सारा भाग चरित्रकारांना प्रिय आहे आणि त्याचे कारण उघड आहे. बॉम्ब, पॅरिस, वेषांतर यांत कथेची सामग्री आयतीच मिळते. त्यामानाने १९१५ ते १९२० ही पाच वर्षे फिकी वाटतात. माझ्या मते मुळशीची पूर्वतयारी तीतच आहे. पारनेरला परतल्यावर बापट हाती झाडू घेऊन गावाचे रस्ते झाडू लागले. आज या कृतीचे अनुकरण समारंभपूर्वक होत असल्याने तिचा मूळ अर्थ पुसट झाला आहे. १९१५च्या आसपासच्या पारनेरात एका सुशिक्षित ब्राह्मण गृहस्थाने नित्यनेमाने सार्वजनिक घाण काढणे म्हणजे जातीने वाटून दिलेल्या श्रमाच्या सीमारेषेवर पाय ठेवणे होते. त्याच सुमारास पुण्यात ‘चित्रमयजगत्’, ‘मराठा’, ‘लोकसंग्रह’ या नियतकालिकांत आणि डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कार्यालयात त्यांनी काम केले. १९२०मध्ये मुंबईतील झाडूवाल्या कामगारांच्या संपाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अंदमानातील राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करीत दारोदार हिंडण्याचे कामही याच काळातले. बॉम्ब बनवण्याची कृती जाणणारा मनुष्य या पाच वर्षांत कोश, केरसुणी आणि सह्यांचे कागद यांत रमला होता. या विसंगतीकडे चरित्रकारांनी अधिक थांबून पाहायला हवे होते.

आता मुळशीकडे वळू. टाटांच्या जलविद्युत कंपनीची स्थापना १९१०मध्ये झाली आणि लोणावळा परिसरातील धरणांच्या पाण्यावर १९१५पासून खोपोलीचे वीजगृह चालू झाले. ही वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. कोळशाचा धूर आणि खर्च यांतून गिरण्यांची सुटका होत होती. पहिल्या योजनेच्या यशानंतर आंध्रा खोऱ्याची योजना आली आणि तिच्या पाठोपाठ मुळशीची. मुळा नदी मुळशी पेट्यात अडवायची, पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला वळवायचे आणि कोकणात भिरा येथे खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना होती. तिच्यासाठी सुमारे ५० गावांची जमीन जाणार होती आणि १० हजारांहून अधिक माणसे उठणार होती. जमीन भाताची होती. त्या भागाचा आंबेमोहोर पुण्याच्या बाजारात नावाजलेला होता. संपादनासाठी हत्यार होते १८९४चा भूसंपादन कायदा. तो मुळात सार्वजनिक प्रयोजनासाठी केलेला. येथे तो एका खाजगी कंपनीसाठी वापरला गेला आणि सरकारने कंपनीच्या प्रयोजनालाच सार्वजनिक प्रयोजन मानले.

कंपनीने मालकांना न विचारता शेतांत चाचणीचे चर खोदले, तेव्हापासून असंतोष पेटू लागला. विनायकराव भुस्कुटे हे तरुण कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळे धरणाच्या जागेवर जमले आणि काम थांबले. कंपनीने काही महिन्यांसाठी काम स्थगित केले. हा विजय फार काळ टिकणारा नव्हता. काम पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला आणि अटकसत्र चालू झाले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी याच लढ्यात १९२२मध्ये कारावास भोगला. मराठी निबंधाच्या इतिहासात परांजप्यांच्या वक्रोक्तीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. धरणाच्या विरोधात तुरुंगात गेलेला निबंधकार म्हणून त्यांच्याकडे अद्याप कोणी पाहिलेले नाही, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

या लढ्याची वैचारिक अडचण मोठी होती. शत्रू नेहमीचा नव्हता. टाटांची कंपनी स्वदेशी भांडवलाची. तिच्या पहिल्या योजनेत देशी संस्थानिकांचे पैसे गुंतलेले. स्वदेशी उद्योग वाढावा हे तर राष्ट्रीय चळवळीचेच मागणे होते. त्यामुळे पुण्यातील सुशिक्षित मतामध्ये फूट पडली. देशी कारखानदारी वाढणार असेल तर काही खेड्यांनी त्याग करावा, असे मानणारे पुष्कळ होते. गांधींनी १९२१मध्ये ‘यंग इंडिया’तून टाटांना पुनर्विचाराचे आवाहन केले, पुढे मात्र या लढ्याला त्यांचा पाठिंबा टिकला नाही. बहुसंख्यांनी मोबदला स्वीकारला आहे आणि नेत्याची अहिंसेवर पूर्ण श्रद्धा नाही, ही त्यांची दोन कारणे होती. दुसरे कारण बापटांना उद्देशून होते आणि ते वस्तुस्थितीला धरून होते. पहिल्या कारणाची तपासणी मात्र अधिक बारकाईने व्हायला हवी, कारण धाडच्या वर्गातील प्रश्न नेमका तेथेच येऊन थांबतो.

मोबदला कोणी स्वीकारला? मुळशी पेट्यातील बऱ्याचशा जमिनी कागदोपत्री पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या. १८७५च्या दख्खनच्या दंग्यांनंतर १८७९मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला खरा. तरीही कर्जापोटी जमीन सावकाराकडे जाण्याची प्रक्रिया थांबली नव्हती. मावळातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या खाचरात भात लावीत होता, त्या खाचराचा तो अनेकदा कूळ होता, मालक नव्हता. भूसंपादनाचा कायदा मालकाला ओळखत होता. कुळाच्या हितसंबंधाला त्यात तत्त्वतः जागा असली, तरी ज्याच्या हाती दस्तऐवज त्याच्याच हाती रक्कम हा व्यवहार होता. म्हणून पुण्याच्या जमीनमालकांना संपादन नकोसे नव्हते. वसूल होण्याची शाश्वती नसलेल्या कर्जाच्या बदल्यात सरकारी दराने रोख रक्कम मिळत होती. बहुसंख्यांनी मोबदला घेतला, या विधानात ‘बहुसंख्य’ कोण, हे असे पाहावे लागते. माणसे मोजली तर एक उत्तर येते, खाती मोजली तर दुसरे.

राजेंद्र व्होरा यांनी मुळशीच्या लढ्याचा जो अभ्यास प्रथम मराठीत आणि पुढे २००९मध्ये इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने मांडला, त्यातून ही वर्गीय बाजू स्पष्ट झाली आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्याला जोडून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती शब्दांची आहे. लढ्याच्या प्रचारात शेतकऱ्यासाठी वापरलेला शब्द ‘मावळा’ हा होता. भौगोलिकदृष्ट्या तो अचूकच आहे. मावळात राहणारा तो मावळा. परंतु मराठी मनात या शब्दाबरोबर शिवकाल उभा राहतो. मावळ्यांनी ज्या डोंगरांत स्वराज्य उभे केले तेच डोंगर आता बुडणार, ही कल्पना विलक्षण प्रेरक होती. रामनवमीचा मुहूर्त, सेनापती हे पद, तुकड्यांची भाषा हे सर्व याच शब्दकुळातले आहे. जमीन जाणार असेल तर जीवही जावा, हा निश्चय त्या भाषेत शोभून दिसत होता. या भाषेने दरिद्री कर्जबाजारी माणसाला वीराची उंची दिली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र त्याच वेळी तिने एक गोष्ट झाकली. मावळ्याची जमीन म्हटले की ती त्याचीच, असे गृहीत धरले जाते. ती सावकाराच्या खात्यावर आहे हे सांगणारा ‘कूळ’ हा शब्द वीररसात बसत नाही. म्हणून तो प्रचारातून गळाला आणि प्रचारातून गळालेला शब्द चरित्रातही आला नाही.

येथे बापटांविषयी न्यायबुद्धीने लिहायचे तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. झाडूवाल्यांच्या संपातून आलेल्या या माणसाला श्रम करणारा आणि मालकी सांगणारा यांतील अंतर कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. मालकवर्गाने मोबदल्याकडे तोंड फिरवल्यावरही ते कुळांच्या बाजूने उभे राहिले. कंपनी आणि जमीनमालक अशा दोघांच्या विरोधात उभे राहिले. पुण्यातील त्यांच्या परिचित वर्तुळात हे सोपे नव्हते, कारण ते सावकार त्याच पेठांतले, त्याच सभांना येणारे होते. तरीही कसेल त्याच्या हक्काची स्वतंत्र मागणी, कंपनीविरुद्धच्या मागणीइतक्याच ठळकपणे, लढ्याच्या अग्रभागी आली नाही. धरण नको, ही एकच मागणी राहिली. धरण होणारच असेल तर कुळाचे काय, हा प्रश्न विचारणे म्हणजे पराभव मान्य करणे ठरले असते. सेनापतीला तसा प्रश्न विचारता येत नाही. हे पदच त्यांच्या आड आले असावे, असा माझा तर्क आहे.

१९२१ ते १९२४ या काळात बापट एकाहून अधिक वेळा तुरुंगात गेले आणि प्रत्येक वेळी सुटून आल्यावर त्यांना लढ्यातील माणसे कमी झालेली दिसली. दंड, तुरुंग, हाताशी आलेले पैसे आणि डोळ्यांसमोर वर चढत जाणारी भिंत यांपुढे गावे एकेक करून नमत होती. १९२४च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह, शस्त्र हाती घेऊन, धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. गांधींच्या अर्थाने हा सत्याग्रह नव्हता. बापटांनी पळ काढला नाही. कृत्य करून ते स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. अज्ञातवासात चार वर्षे पोलिसांना हुलकावणी देणारा क्रांतिकारक आणि आपल्या कृत्याची जबाबदारी स्वीकारून उभा राहणारा सत्याग्रही, असे दोन्ही संस्कार त्या एका घटनेत एकवटलेले दिसतात. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. चरित्रकारांनी या घटनेचे वर्णन उत्साहाने केले आहे. मला ती शोकात्म वाटते. रामनवमीला १२०० माणसे होती. रेल्वेसमोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. समूहाचा लढा शेवटी एका माणसाच्या बलिदानाच्या इच्छेपर्यंत येऊन पोहोचला होता. चरित्र या वाङ्मयप्रकाराला हे सोयीचेच असते.

१९२७मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. बापट १९३१मध्ये सुटले तेव्हा खोरे पाण्याखाली होते.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद, राजद्रोही भाषणांबद्दल पुन्हा दीर्घ कारावास, १९३७मध्ये सुटका. १९३८-३९च्या हैदराबाद संस्थानातील सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला. धाडच्या सीमेपलीकडचा मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. १९३९मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकच्या महाराष्ट्र शाखेचे ते अध्यक्ष झाले. १८ मे १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी नानासाहेब गोरे यांच्यासह पहिली मोठी तुकडी घेऊन ते पोर्तुगीज हद्दीत शिरले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते होतेच. १९६६मध्ये सीमाप्रश्नासाठी त्यांनी उपोषण केले आणि त्याच वर्षी महाजन आयोग नेमला गेला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

बापटांनी मराठीत व संस्कृतात विपुल पद्यरचना केली आणि श्रीअरविंदांच्या तत्त्वज्ञानाचे मराठी भाषांतर केले. यातील बराच भाग तुरुंगात लिहिला गेला. महाराष्ट्राच्या महत्तेविषयीच्या त्यांच्या दोन ओळी व्यासपीठांवरून इतक्या वेळा म्हटल्या गेल्या आहेत, की बाकीचे लेखन त्यांच्या सावलीत गेले. काव्य म्हणून या रचनेचे मूल्य मर्यादित आहे. ती बहुतांशी उद्बोधनपर आहे आणि पारंपरिक छंदांच्या चौकटीत विचार बसवण्याची खटपट तीत जाणवते. तथापि प्राणयज्ञाची, म्हणजे समूहासाठी देह अर्पण करण्याची जी कल्पना त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येते, ती मुळशीच्या पराभवाच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. समूह पांगल्यानंतर एकट्याने काय करावे, या प्रश्नाचे ते त्यांच्यापुरते उत्तर आहे. आतापर्यंत ते केवळ अध्यात्माच्या खात्यावर जमा केले गेले.

मुळशीनंतरचा कायद्याचा इतिहास पाहिला तर कुळाचा प्रश्न किती संथ गतीने पुढे सरकला हे कळते. मुंबई प्रांतात कूळकायदा १९४८मध्ये आला. विदर्भात, म्हणजे आमच्या बुलढाण्यातही, त्याला १९५८ उजाडले. प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६मध्ये केला. तो असा देशातील अगदी पहिल्या कायद्यांपैकी असला, तरी मुळशीच्या रामनवमीनंतर ५५ वर्षांनी आला. १८९४चा कायदा जाऊन २०१३चा नवा कायदा १ जानेवारी २०१४पासून लागू झाला, तेव्हा कुठे बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ आणि शेतमजूर यांना स्पष्ट स्थान मिळाले.

या प्रवासात मराठीने आणखी एक शब्द घडवला, ‘प्रकल्पग्रस्त’. धरणग्रस्त, भूकंपग्रस्त, व्याधिग्रस्त यांच्या पंक्तीत तो बसतो. शासकीय दाखल्यावर हा शब्द उपयोगी आहे, नोकरीच्या अर्जात तो हक्काने लिहिला जातो, म्हणून त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या रचनेत प्रकल्प ही एक आपत्ती आणि माणूस तिच्या तावडीत सापडलेला जीव आहे. १९२१ची भाषा त्याला वीर करीत होती, आजची भाषा त्याला पीडित करते. तो जमीन कसणारा आहे, त्याचा तिच्याशी श्रमाचा संबंध आहे, हे सांगणारा शब्द या दोन्ही टोकांच्या मध्ये कोठेतरी राहून गेला. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकांनी धरणावरील कथा-कादंबऱ्या वाचताना पात्र स्वतःला कोणत्या शब्दाने ओळखते आणि तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद कोणत्या शब्दाने होते, हे ताडून पाहिल्यास बरेच काही हाती लागेल.

मुंबईत बापटांच्या नावाचा जो मार्ग आहे, तो लोअर परळकडून दादर-माहीमच्या दिशेने जातो. जुन्या तुळशी पाइप रस्त्याचे हे नवे नाव. ज्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी सह्याद्रीतील खोरी बुडाली, त्यांपैकी अनेक गिरण्या याच रस्त्याच्या आजूबाजूला होत्या. १९८२च्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर व्यापारी संकुले उभी राहिली. तेथेही जमिनीचे पैसे कोणाला मिळाले, हा प्रश्न गिरणी कामगारांनी विचारला. धाडच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने वहीत मुळशी आणि परळ ही दोन नावे एकाखाली एक लिहिली, त्यांच्या खाली जिगाव लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.